‘बोर्ड गेला!’

मराठी भाषेत ‘गेला’ हा शब्द जितक्या सढळ हाताने वापरला जातो, तितका दुसरा कुठलाही शब्द वापरला जात नसेल. माणूस गेला, बैल गेला, पाऊस गेला, मुलगा हातचा गेला, उसने दिलेला पैसा गेला. परंतु पूर्वी हा शब्द उच्चारण्याआधी मराठी माणूस थोडीफार खातरजमा करीत असे. माणसाच्या नाकापुढे सूत धरीत, बैलाच्या कानाला हात लावून पाहात, आणि उसन्या पैशाच्या बाबतीत तर आठ-दहा हेलपाटे घातल्याखेरीज कोणी ‘गेला’ म्हणतच नसे. अलीकडे मात्र एक अशी जमात निर्माण झाली आहे की तिला सूत धरायला सवड नाही. ही जमात दुकानातल्या फिरत्या खुर्चीत बसून, एका कानाला मोबाइल लावून, दुसऱ्या कानाने तुमची कैफियत अर्धी ऐकते आणि निकाल देऊन टाकते, “बोर्ड गेला.”

टीव्ही न्या, बोर्ड गेला. कपडे धुण्याचे मशीन न्या, बोर्ड गेला. इन्व्हर्टर न्या, फ्रीज दाखवा, विहिरीवरच्या मोटारीचा स्टार्टर पिशवीत घालून न्या, त्यातलाही बोर्ड गेलेलाच असतो. एकदा घरचा खलबत्ता नेऊन समोर ठेवावा आणि काय सांगतात ते पाहावे, असा मोह मला अनेकदा झाला आहे. सौ.ने खलबत्ता दिला नाही, म्हणून तो प्रयोग राहून गेला.

प्रस्तुत लेख या जमातीविरुद्ध आहे. हे आरंभीच सांगून टाकतो, म्हणजे त्यांच्यापैकी कोणी वाचत असतील तर त्यांनी खुशाल पान उलटावे. किंवा त्यांच्या रीतीप्रमाणे, न वाचताच, ‘लेख गेला’ असे म्हणावे.

मी लहान होतो तेव्हा गावाला रेडिओ दुरुस्त करणारा एक कारागीर होता. रेडिओ पुढ्यात ठेवला की तो आधी वायर चाचपायचा, मग प्लग उघडायचा, मग मागचे पुठ्ठ्याचे झाकण काढून आत फुंकर मारायचा. तेवढ्यानेच निम्मे रेडिओ गाऊ लागत. आतले झुरळ बाहेर पडे आणि आकाशवाणी आत शिरे. न गायलेच तर एकेक व्हॉल्व्ह काढून, पुसून, पुन्हा बसवून पाहायचा. ‘गेला’ हा शब्द तो अगदी शेवटी, आणि तोही खालच्या आवाजात, वारसांना सांगावा तसा सांगायचा. त्याच्याकडे पदवी नव्हती, पण क्रम होता. फुकटचे आधी तपासायचे, दोन रुपयांचे नंतर, आणि दोनशे रुपयांचे सर्वांत शेवटी. या क्रमालाच शास्त्र म्हणतात असे माझे मत आहे. इंग्रजीत त्याला काहीही म्हणोत.

आता प्रत्यक्ष फिर्याद.

आमचे इस्लापूर नांदेड जिल्ह्याच्या किनवट तालुक्यात आहे. पावसाळ्यात सहस्रकुंडचा धबधबा पाहायला जी मंडळी येतात त्यांना ते माहीत असते. एरवी त्याचा पत्ता आम्हाला आणि विजेला ठाऊक, आणि वीजही मधूनमधून विसरते. पैनगंगेच्या पलीकडे विदर्भ, रुळाने पुढे सरळ गेले की आदिलाबाद म्हणजे तेलंगण, उलटे फिरले की नांदेड. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आम्ही निजामाच्या राज्यात होतो. ते राज्य गेले (येथे ‘गेले’ हा शब्द बरोबर आहे, खातरजमा फौजेने केली होती), पण आमच्याकडच्या बाजारहाटाची वाट अजून हैदराबादकडेच वळते. मुंबईचा माणूस संगणकाचे सुटे भाग घ्यायला लॅमिंग्टन रोडला जातो. त्या रस्त्याचे नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग झाले आहे, ते पाटीपुरते. तशी आमच्याकडची पोरे सिकंदराबादच्या चेनॉय ट्रेड सेंटरला जातात.

माझी भाची नांदेडला सिव्हिलचा डिप्लोमा करते. नकाशे काढायला तिला संगणक लागतो. मोबाइलवर ऑटोकॅडचे नकाशे काढणे म्हणजे पोस्टाच्या तिकिटावर महाभारत लिहिणे. दोन वर्षे तिने मैत्रिणीच्या लॅपटॉपवर, मैत्रीण झोपल्यावर, काम भागवले. २०२४च्या दिवाळीनंतर सोयाबीनचे पैसे हातात आले तेव्हा आमच्या दाजींनी, म्हणजे तिच्या वडिलांनी, मन मोठे केले. तयार संगणक घ्यायचा तर त्याच पैशात मिळमिळीत माल मिळत होता, म्हणून सुटे भाग आणून घरी जोडायचे ठरले. पोरीने महिनाभर वहीत याद्या केल्या, खोडल्या, पुन्हा केल्या. एकूण खर्च बावन्न हजार. त्या हंगामाचा सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४८९२ रुपये होता, म्हणजे साडेदहा क्विंटल सोयाबीन. तेही हमीभाव मिळाला असे धरून, आणि बाजारात तो मिळत नव्हता हे शेतकरी वाचकांना सांगायला नको.

अक्काच्या बैठकीत जाजम अंथरून पोरीने तो संगणक जोडला. अंगातली स्थिर वीज निघून जावी म्हणून दर थोड्या वेळाने ती पेटीच्या लोखंडाला हात लावायची. ते पाहून अक्कानेही भक्तिभावाने पेटीला हात लावून कपाळाला लावला. प्रोसेसरवर वाटाण्याएवढे मलम लावले गेले. स्क्रू मोजून बसवले, एकही उरला नाही. (उरला नाही म्हणून दाजींना उलट चिंता वाटली. त्यांच्या अनुभवात जोडल्यावर दोन तरी उरतातच.) संध्याकाळी बटण दाबले. पंखे फिरले. आतले रंगीबेरंगी दिवे वरातीसारखे लागले. आणि पडद्यावर काळ्याकुट्ट रात्रीत दोन शब्द उमटले, ‘नो सिग्नल’. मग तेही मावळले.

इस्लापुरात बातमीला पाय नसतात, पंख असतात. अर्ध्या तासात बैठक भरली. एकाने विचारले, नारळ फोडला होता का? दुसरा म्हणाला, अमावास्या जवळ आली, आज लोखंड घरात घ्यायलाच नको होते. तिसरा सुशिक्षित होता, तो म्हणाला, “विंडोज टाकली का?” या प्रश्नाने सर्वांवर छाप पडली, कारण तो कोणाला कळला नाही. आता गंमत पाहा, संगणकाच्या पडद्यावर उजेड येण्याचा आणि विंडोजचा काडीइतका संबंध नाही. विंडोज नंतर येते. आधी बोर्ड स्वतःच्या अक्कलहुशारीने उठतो, स्वतःचे हातपाय तपासतो आणि पडद्यावर कंपनीचे नाव दाखवतो. घरात बाई-माणूस नांदायला येण्याआधी दिवा लागतो की नाही? तसे.

एक गृहस्थ मात्र खरोखर मुद्द्याचे बोलले. ते म्हणाले, “पोरीच्या जातीला कशाला पाहिजेत ह्या उचापती? जळाला असंल.”

या वाक्याकडे आपण पुन्हा येऊ.

जवळच्या मोठ्या गावात एक संगणकतज्ज्ञ आहेत. मी त्यांचे नाव सांगणार नाही, त्यांच्यासारखे जागोजाग आहेत. दाजींनी त्यांना फोन लावला. “पंखे फिरायलेत?” “फिरायलेत.” “पडदा काळा?” “काळा.” “बोर्ड गेला.” घड्याळ लावून पाहिले असते तर अर्धे मिनिटही भरले नसते. रोग्याला न पाहता फोनवर मृत्यूचा दाखला देण्याची ही सोय वैद्यकशास्त्राला अजून साधलेली नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही पेटी गोधडीत गुंडाळून, एसटीच्या मागच्या सीटवर मांडीत घेऊन त्यांच्याकडे गेलो. त्यांनी बटण दाबले, दहा सेकंद पडद्याकडे, पाच सेकंद दाजींकडे पाहिले, आणि बटण बंद केले.

“बोर्डच. नऊ हजार. हैदराबादहून मागवून देतो.”

“उघडून बघता का जरा?” मी म्हणालो.

“उघडून काय बघायचं सर? वीस वर्षं झाली ह्या लायनीत. जोडला कुणी?”

“हिनं,” दाजी भाचीकडे बोट दाखवून म्हणाले.

“मग जळणारच की,” तज्ज्ञ म्हणाले, आणि पुढच्या गिऱ्हाइकाचा प्रिंटर ‘गेला’ असे सांगायला वळले.

नऊ हजार म्हणजे आणखी पावणेदोन क्विंटलांहून जास्त सोयाबीन. पण पैशाचे सोडा, पैसा उसना मिळतो. ‘बोर्ड गेला’ या निकालाला एक दुसरे कलम असते, तेच खरे घातक: कोणी घालवला? परतीच्या एसटीत दाजी एक शब्द बोलले नाहीत. माणूस रागावून बोलला तर बरे, मराठवाड्यातला शेतकरी गप्प बसला की घरातली भांडीसुद्धा आवाज करीत नाहीत. पोर दोन दिवस धड जेवली नाही. ज्या मुलीने वर्गात पहिल्यांदा स्वतःच्या हाताने काहीतरी उभे केले, तिला आता जन्मभर ‘हिनं बावन्न हजार जाळले’ हे ऐकावे लागणार होते. लग्नाच्या बैठकीत, भावकीच्या जेवणात, दर सोयाबीनच्या हंगामाला. तज्ज्ञांनी पंधरा सेकंदांत नुसता बोर्ड मारला नव्हता. म्हणून मी चिडलो आहे, आणि म्हणून हे लिहितो आहे. नुसत्या नऊ हजारांसाठी कोणी अडीच हजार शब्द लिहीत नाही.

आता तज्ज्ञांच्या तर्कशास्त्राकडे वळू. पंखे फिरतात, चित्र दिसत नाही, सबब बोर्ड मेला. अहो, पंखा फिरतो याचा अर्थ पंख्यापर्यंत बारा व्होल्ट पोचले, एवढाच! चक्की फिरते म्हणून पीठ पडतेच असे नाही, वर दाणे टाकलेत का तेही पाहावे लागते. पडदा काळा राहण्याची कारणे मोजायला बसले तर दोन्ही हातांची बोटे पुरत नाहीत, आणि त्यांतली बहुतेक फुकट दुरुस्त होणारी असतात. पडद्याची स्वतःची वीज चालू आहे का? पडद्याला मागे दोन-तीन भोके असतात, त्यांपैकी ज्या भोकात एचडीएमआयची वायर खुपसली त्याच भोकाकडे तो पाहतो आहे का? पेटीत चित्राचे वेगळे कार्ड बसवले असेल तर वायर त्या कार्डाला लावायची, वरच्या बोर्डाच्या भोकाला नाही. या एका वायरीपायी किती बोर्ड जिवंतपणी स्मशानात गेले असतील याची गणती नाही. काही प्रोसेसरांच्या पोटात चित्र काढण्याची सोयच नसते. इंटेलने २०१९पासून अशा प्रोसेसरांच्या नावापुढे ‘एफ’ अक्षर लावायला सुरुवात केली. वेगळे कार्ड न घेता तो आणला तर पडदा उजळायचा नाही, पण त्यात बोर्डाचा काय अपराध? प्रोसेसरला वीज देणारी आठ टाचण्यांची वेगळी वायर असते, ती बोर्डाच्या वरच्या कोपऱ्यात लावायची राहिली तरी पंखे मजेत फिरतात. स्मृतीची पट्टी, जिला सगळे रॅम म्हणतात, ती खाचेत ‘कट्‌’ असा आवाज होईपर्यंत दाबावी लागते. नव्या बोर्डाला ती दाबताना इतका जोर लागतो की भल्याभल्यांचे अंगठे कचरतात. आणि बोर्डावर एक चपटी बटन-बॅटरी असते, सीआर २०३२ नावाची. वीस मिलिमीटर रुंद आणि ३.२ मिलिमीटर जाड, म्हणून ते नाव. वीज बंद करून ती थोडा वेळ काढून ठेवली की बोर्ड आपले सगळे हट्ट विसरून जन्मला तसा होतो. ती नवी घेतली तरी चहा-भज्यांच्या खर्चात येते.

एवढे सगळे झाल्यावर, एकेक भाग काढून, अगदी लंगोटीवर आणून पाहिल्यावर, जर यंत्र हूं की चूं करीत नसेल, तर मग खुशाल म्हणा गेला. बोर्ड जातात, मी नाही म्हणत नाही. आमच्या डोंगराळ मुलखात वीज आभाळातूनही येते आणि तारेतूनही, आणि कधी दोन्हीकडून एकदम. पण सूत तरी धरा!

मला माहीत आहे, यावर तज्ज्ञमंडळी काय म्हणतील. ती म्हणतील, सर, एवढं बघत बसलो तर खायचं काय? आणि इथे मला त्यांच्या बाजूने दोन शब्द बोलणे भाग आहे, कारण दोष एकट्या त्यांचा नाही. आपण डॉक्टरला नुसते बघण्याचे तीनशे रुपये देतो. वकिलाला तारीख घेण्याचे देतो. पण यंत्र दुरुस्त करणाऱ्याने तासभर डोके घालून एक सैल वायर घट्ट केली आणि शंभर रुपये मागितले, तर आपणच म्हणतो, “नुसती वायर तर लावली, त्याचे कसले शंभर?” डोक्याचे पैसे मराठी माणूस देत नाही, वस्तूचे देतो. मग तो बिचारा वस्तू विकतो. अकलेला भाव नाही आणि बोर्डाला आहे, म्हटल्यावर बोर्ड जाणारच. तेव्हा ‘बोर्ड गेला’ हे वाक्य बोलणारे तज्ज्ञ असले, तरी लिहून दिलेले आपले आहे.

पण म्हणून यंत्र बनवणाऱ्या कंपन्यांना मी सोडणार नाही. १२ ऑगस्ट १९८१ रोजी आयबीएमने आपला पर्सनल कॉम्प्युटर बाहेर काढला, तेव्हा त्याला कंठ होता. चालू करताच तो स्वतःची तपासणी करी आणि सगळे ठीक असले की एकदा ‘पीं’ करी. चित्राच्या कार्डाची तक्रार असली तर एक लांब आणि दोन आखूड. म्हणजे चार दशकांपूर्वीचे ते यंत्र मरता मरता सांगत असे की बाबांनो, माझे डोळे पाहा, काळजाला हात लावू नका. ही भाषा गवळ्यालाही कळेल. आजच्या बोर्डावर त्या भोंग्यासाठी चार टाचण्या अजून असतात, पण भोंगा पेटीत बहुधा नसतोच. रुपयांमधल्या किमतीची ती चिमुकली वस्तू वाचवून, त्या पैशांत आत सोळा दशलक्ष रंगांचे दिवे लावून दिलेत! संगणकाला मुका केला आणि नाच शिकवला. आणि मुक्या रोग्याचे काय होते? ज्याच्या तोंडात जीभ आहे तो त्याच्या वतीने बोलतो. म्हणजे आमचे तज्ज्ञ.

तिसरी गोष्ट ती चिकटपट्टी, ‘ही काढल्यास वॉरंटी रद्द’. स्वतःच्या पैशाने घेतलेल्या वस्तूचा स्क्रू स्वतः काढला तर गुन्हा! अमेरिकेत २०१८ साली तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने सहा कंपन्यांना बजावले की असल्या अटी कायद्याला धरून नाहीत. आपल्या सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागानेही जुलै २०२२मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षी डिसेंबरात त्यासाठी संकेतस्थळ उघडले. शेतीची अवजारे, मोबाइल, घरगुती उपकरणे आणि मोटारी असे चार विषय घेतले. चांगले आहे. पण ती चिकटपट्टी कागदाच्या वस्तूपेक्षा मनाला जास्त चिकटलेली असते. आमच्या गावात लोक नव्या सोफ्याचे प्लास्टिकसुद्धा काढीत नाहीत, ते संगणकाचे झाकण कशाने काढणार?

तर आता त्या रात्रीकडे येतो. तिसऱ्या दिवशी जेवणे झाल्यावर भाचीने पेटी पुन्हा जाजमावर घेतली. अक्का मला म्हणाली, “तू तरी सांग की रे तिला, नऊ हजारांचं काहीतरी करू म्हणावं, पण आता त्याला हात लावू नको.” मी काही सांगितले नाही. मी बॅटरी धरून उभा राहिलो. पुण्याच्या सी-डॅकमध्ये डॉ. विजय भटकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, अमेरिका हवा तसा महासंगणक देईना म्हणून, १९९१ साली ‘परम ८०००’ उभा केला, तेव्हा तिथेही कोणीतरी बॅटरी धरून उभा असेलच. त्याचे नाव इतिहासात नाही, पण बॅटरी धरणाऱ्याशिवाय काही उभे राहात नाही.

तिने वर सांगितलेला सगळा क्रम केला. पडदा, भोक, वायर, आठ टाचण्या, बटन-बॅटरी. स्मृतीची पट्टी काढली, पुसली, पुन्हा बसवली, ‘कट्‌’ असा आवाज मी माझ्या कानांनी ऐकला. काहीही सैल नव्हते. तिच्या बोर्डाच्या कडेला चार बारीक दिवे होते आणि त्यांच्याखाली मुंगीच्या अक्षरात लिहिलेले होते: सीपीयू, डीरॅम, व्हीजीए, बूट. शेवटचे मी मोठ्याने वाचले तेव्हा दाजींनी चपला काढून बाहेर नेऊन ठेवल्या. बटण दाबले की त्यांतला डीरॅमचा पिवळा दिवा लागे आणि लागून राही.

मग तिने बोर्डासोबत आलेली पुस्तिका उघडली. आमच्याकडे पुस्तिकेवर पोळीचा डबा ठेवतात. तिने ती वाचली. बराच वेळ वाचून ती म्हणाली, “मामा, हे पहिल्यांदा चालू होताना वेळ घेतं म्हणे. काही मिनिटं. तवर पडदा काळाच राहतो.”

प्रकार असा. डीडीआर-५ जातीची ही नवी स्मृती सेकंदाला अब्जावधी वेळा बोर्डाशी बोलते. इतक्या वेगात बोलायचे तर दोघांचा ताल जुळायला हवा, आणि प्रत्येक पट्टीचा, प्रत्येक बोर्डाचा ताल केसाएवढा निराळा. म्हणून पहिल्या भेटीत ते दोघे बसून एकमेकांची पत्रिका जुळवतात. छत्तीस गुण जुळेपर्यंत कोणाला तोंड दाखवीत नाहीत. मध्येच वीज तोडली की पत्रिका फाटली, पुन्हा पहिल्यापासून. आता आठवून पाहा: पहिल्या संध्याकाळी दीड मिनिट पडदा काळा दिसला की बैठकीतून आरोळी येई, “बंद कर, बंद कर, जळंल!” आणि दाजी धावत जाऊन बटण दाबीत. असे चारदा. पाचव्या वेळी कोणी ओरडले नाही, तर लाईट गेली. आणि तज्ज्ञांनी दिलेला अवधी एकूण दहा सेकंद! दहा सेकंदांत तर गावात वरपिता पाटावरही बसत नाही.

२०२२ साली एसरॉक कंपनीने या नव्या जातीच्या काही बोर्डांवर, स्मृतीच्या खाचांपाशीच, चिठ्ठी चिकटवली होती की पहिल्या वेळी इतके सेकंद थांबा. एवढेच. चिठ्ठी. जी जागा वॉरंटीच्या धमकीला मिळते ती ‘जरा थांबा’ला दिली, तर काय बिघडते?

पोरीने संगणक इन्व्हर्टरवर घेतला. “आता कुणी हात नका लावू हं. काही झालं तरी.” बटण दाबले. पंखे, वरात, पिवळा दिवा, काळा पडदा. एक मिनिट. अक्का देवघरात गेली. दोन मिनिटे. दाजींचे दोन्ही हात त्यांनी स्वतःच काखेत दाबून धरले होते. अडीच मिनिटांनी पंखे एकदम थांबले आणि पुन्हा फिरले. “गेला!” दाजी कळवळून म्हणाले. भाची शांतपणे म्हणाली, “आप्पा, बसा खाली.” आयुष्यात प्रथमच मी दाजींना कोणाचे ऐकून खाली बसताना पाहिले. माझ्या घड्याळात चौथे मिनिट लागून थोडा वेळ झाला, पिवळा दिवा विझला, आणि पडद्यावर कंपनीचे नाव असे झळाळले की अक्का देवघरातून निरांजन घेऊनच बाहेर आली.

दाजी बराच वेळ त्या नावाकडे पाहात राहिले. मग भाचीला म्हणाले, “जेवलीस का गं?”

पुढच्या आठवड्यात मी मुद्दाम त्या तज्ज्ञांच्या दुकानात गेलो. सगळी हकिगत सांगितली. ते म्हणाले, “होतं सर, कधीकधी आपोआप चालू होतं. नशीब.” मी म्हणालो, नशीब नव्हे, पुस्तिका. आणि मग मी त्यांच्यापुढे एक प्रस्ताव ठेवला, जो मी सर्व वाचकांच्या वतीने सर्व तज्ज्ञांपुढे ठेवतो. तपासणीचे दोनशे रुपये आधी घ्या, हसत घ्या, आम्ही कुरकुर करणार नाही. पण कोणताही भाग ‘गेला’ म्हणण्यापूर्वी काय काय तपासले ते कागदावर लिहून, खाली सही करून द्या. आमच्या घरात एक बंद पडलेला रेडिओ आहे, त्याच्यापासून आजच सुरुवात करू.

“लिहून म्हणजे पक्कं बिल झालं सर,” ते म्हणाले. “त्याच्यावर अठरा टक्के जीएसटी लागंल.”

मी दोनशे छत्तीस रुपये मोजून पुढे ठेवले. त्यांचा नाइलाज झाला. त्यांनी बिलबुक काढले, धूळ झटकली, तारीख विचारली, खिशातला पेन काढून कागदावर दोनदा ओढला. काही उमटले नाही.

“सर,” ते म्हणाले, “पेन गेला.”

मी पेन हातात घेतला आणि मागचे बटण दाबले.